आधी पट्टा ओढा, मग रंग बघा

२०१९च्या दिवाळीआधी मावसभावासाठी गाडी बघायला आम्ही कल्याण पश्चिमेला गेलो होतो. पांढरी हॅचबॅक, पाच वर्षांची, मीटरवर अडतीस हजार, सीट कव्हर नवे, आत अत्तराचा वास. भावाला बघताक्षणी आवडली. सोबत डोंबिवलीचे आमचे नेहमीचे मेस्त्री होते. त्यांनी बोनेट उघडले नाही की चावी मागितली नाही. मागचे दार उघडून ते सीटवर बसले आणि खिडकीकडचा सीटबेल्ट हळूहळू बाहेर ओढू लागले. आपण पट्टा लावताना जेवढा ओढतो त्याच्या बराच पुढे, अगदी रिळावरचे शेवटचे वेढे उलगडेपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला तेव्हा त्यावर तपकिरी डाग होते आणि तेवढे कापड वाळलेल्या पायपुसण्यासारखे कडक झाले होते. त्यांनी नखाने खरवडले, तर माती निघाली. "पाण्यात गेलेली आहे," एवढेच म्हणाले आणि पट्टा सोडला. तो धड आतही गेला नाही.

विकणाऱ्याने जुलैच्या पुराचा विषयही काढला नव्हता. आम्ही चहा घेतला आणि निघालो. भाऊ दोन दिवस घुश्शात होता.

जुनी गाडी कशी बघावी हे सांगणारे आपल्याकडे प्रत्येक घरात एक-दोन जण असतात. त्यांचा भर बहुतेक वेळा इंजिन, रंग आणि किंमत यांवर असतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात मला हा क्रम चुकीचा वाटतो. इथे आधी पाणी बघावे, मग कागद, मग टायर, ब्रेक आणि पट्टे. इंजिन त्यानंतर. इंजिन बिघडले तर खिशातून पैसे जातात, आणि ते बहुधा बोलून बिघडते. बाकीच्या गोष्टी मुकाट्याने दगा देतात, आणि तेव्हा गाडीत घरची माणसे बसलेली असतात.

पाण्याचे आधी, कारण आपला भूगोलच तसा आहे. उल्हास नदी कर्जत-बदलापूरकडून येऊन कल्याणला खाडीला मिळते. अंबरनाथ-उल्हासनगरमधून येणारी वालधुनी कल्याणातच येते. भिवंडीला कामवारी आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की हे पाणी जायला जागा उरत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच दिवशी कल्याण, बदलापूर, भिवंडीचे सखल भागही बुडाले होते. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. जिथे रेल्वेगाडी अडकली तिथे सोसायट्यांच्या आवारात, स्टिल्टखाली आणि नदीकाठच्या मोकळ्या मैदानात लावलेल्या मोटारींचे काय झाले असेल, ते वेगळे सांगायला नको.

अशी गाडी दुरुस्त करण्याचा खर्च फार होत असेल तर विमा कंपनी ती टोटल लॉस ठरवते, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी लिलावात पडेल भावाने जाते. नोंदणी रद्द झाली नसेल तर ती धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे घालून पुन्हा बाजारात उभी राहते. महिना-दोन महिने ती उत्तम चालते आणि फसवणूक नेमकी इथेच होते. वायरिंगच्या जोडांत शिरलेले गढूळ पाणी लगेच काही करत नाही. तांब्यावर हिरवा गंज चढायला वेळ लागतो. मग एके दिवशी काच खाली होत नाही, दुसऱ्या दिवशी इंजिनचा दिवा लागतो, आणि मेस्त्रीलाही नक्की काय झाले ते सापडत नाही.

याहून गंभीर गोष्ट आहे ती एअरबॅगची. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारा डबा बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मध्ये, गिअरच्या आसपास फरशीलगत बसवलेला असतो. म्हणजे पाणी जेमतेम घोट्याइतके आत आले तरी त्याच्यापर्यंत पोचू शकते. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझत नसेल तर बिघाड आहे हे कोणालाही कळते. तो मुळात लागतच नसेल तर जास्त सावध व्हा. दिवा काढून टाकणे किंवा दुसऱ्याच दिव्याच्या तारेला जोडून देणे हा या धंद्यातला जुना उद्योग आहे.

पट्टा ओढून झाला की डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खळग्यात हात फिरवा. पुढच्या सीट मागे सरकवून त्यांच्या रुळांचे बोल्ट टॉर्चने बघा. गाडी पाच वर्षांची आणि बोल्ट वीस वर्षांच्या गंजाचे, असे दिसले तर कारण विचारा. फ्यूजच्या डब्याचे झाकण काढून कोपऱ्यात साचलेली बारीक रेती बघा. अत्तर मारले असेल तर काचा बंद करून एसी न लावता नुसता पंखा सोडा. कुबट वास दोन मिनिटांत वर येतो. हे सगळे कोरड्या दिवशी, उन्हात करायचे. पावसात भिजलेल्या गाडीवर पोचे दिसत नाहीत आणि ओलसरपणाला निमित्त मिळते.

विम्याच्या कागदावरूनही बरेच कळते, आणि ते फार थोडे जण वाचतात. दरवर्षी क्लेम न घेतल्यास नो क्लेम बोनस वाढत जातो: २० टक्के, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य किंवा वीस दिसत असेल, तर गेल्या एक-दोन वर्षांत क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. कशाचा, ते विचारा. मालकाने विमा कंपनीकडून क्लेमचा तपशील मागवून दिला तर उत्तम. टाळाटाळ केली तर ते उत्तरच समजा.

आता कमी किलोमीटरचे. "सिंगल हँड, कमी चाललेली" हे शब्द ऐकले की गिऱ्हाईक भुलते. डिजिटल मीटर मागे करता येतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि कंपनीच्या सर्व्हिसची नोंद पडताळावी. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे कोणत्या आठवड्याचे आणि वर्षाचे ते सांगतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मीटर पंचवीस हजार दाखवतोय आणि चारही टायर बदललेले आहेत, तर कुठेतरी गणित चुकते आहे. एवढे सगळे बरोबर. पण डोंबिवली-कल्याणमध्ये कमी किलोमीटर खरेच असू शकतात, हे विसरता कामा नये. इथला माणूस कामावर लोकलने जातो. गाडी सोमवार ते शनिवार उभी असते आणि रविवारी बाहेर पडते, तीही पाहुण्यांकडे किंवा डी-मार्टला. अशा गाडीचे किलोमीटर खरे असतात, तरी तिची बॅटरी खचलेली असते, ब्रेकच्या डिस्क गंजलेल्या असतात, टायर न झिजता म्हातारे झालेले असतात आणि उंदरांनी वायर कुरतडलेल्या असतात. २०२०नंतरची बीएस-६ डिझेल असेल तर आणखी एक गोष्ट: तिच्या सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर साफ राहायला लांबचे, एका वेगातले धावणे लागते. स्टेशन ते बाजार एवढेच फिरणाऱ्या डिझेलमध्ये तो तुंबतो आणि बदलायचा खर्च जबर असतो. माझे मत विचाराल तर शहरातल्या शहरात फिरायचे असेल तर जुनी डिझेल घेऊच नये.

अपघाताची खूण शोधताना बंपरकडे बघून घाबरू नका. आपल्या रस्त्यांवर रिक्षाने घासलेला बंपर नसलेली गाडी मिळणे अवघड. बघायचे ते बोनेटखालचे अॅप्रन, दारांमधले खांब आणि खालची चासी. दाराभोवतीचे रबर थोडे ओढून आतला पत्रा बघा. कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठसे ठरावीक अंतरावर, सारखे असतात. गॅरेजमधले वेल्डिंग ओबडधोबड असते आणि त्यावर पुट्टी असते. हा सांगाडाच धडकेचा जोर झेलतो. तो एकदा वाकवून सरळ केला असेल तर वरून कितीही चमक असो, ती गाडी सोडून द्या.

इंजिनाचे थोडक्यात. गाडी सकाळी, थंड असताना बघायची. तुम्ही पोचायच्या आधीच बोनेट गरम असेल तर मालकाने ती बहुधा मुद्दाम चालू करून ठेवली आहे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचा जोरदार झोत आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिनचे काम निघणार. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर राहिला तर कूलंट जळते आहे. बाकीचे मेस्त्रीवर सोपवा आणि त्याला त्याची मजुरी आनंदाने द्या. लाखोंच्या व्यवहारात हे पैसे वाचवणारे लोक बघितले की वाईट वाटते.

चालवून बघायला सोसायटीच्या गल्लीत फेरी मारण्यात अर्थ नाही. डोंबिवलीकरांनी रविवारी सकाळी एमआयडीसीतले रिकामे रस्ते गाठावेत. मागे कोणी नाही हे बघून चाळीसच्या वेगाला ब्रेक जोरात दाबायचा, स्टिअरिंग हलक्या हाताने धरायचे, आणि गाडी एका बाजूला ओढते का ते बघायचे. क्लचसाठी चढ हवा. कल्याणकरांना पत्रीपूल आहे, ठाणेकरांना गायमुख. चढावर गाडी तापल्यासारखी गुरगुरते पण पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट संपली.

कंपनी कोणती, याचा विचार इथल्या लोकांना तरी नव्याने सांगायला नको. नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी आपल्या कल्याणजवळच्या कारखान्यात बनत असे. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सशी प्यूजोची ती भागीदारी होती. गाडी मजबूत होती, लोकांनी हौसेने घेतली, पण काही वर्षांत सगळे थांबले आणि मालक सुट्या भागांसाठी वणवण फिरले. पुढे २०१७अखेर शेवरोलेने भारतात विक्री थांबवली आणि सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डने इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. या कंपन्यांच्या जुन्या गाड्या आकर्षक भावात मिळतात. घेऊ नका असे मी म्हणणार नाही. मात्र घेण्याआधी तिचे काम करणारा मेस्त्री आणि सुटे भाग देणारा दुकानदार शोधून ठेवा.

सीएनजीची गाडी असेल तर टाकीवरची पट्टी वाचा. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. बाहेरून बसवलेले किट आरसीवर आणि विम्याच्या पॉलिसीवर नोंदलेले असले पाहिजे. नसेल तर क्लेमच्या वेळी तोंडघशी पडाल.

आता कागद. ठाण्याचे एमएच-०४, कल्याणचे एमएच-०५, वाशीचे एमएच-४३, वसईचे एमएच-४८ हे आकडे आपल्या तोंडी असतात. वेगळ्या राज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त मिळाली की आधी कारण शोधा. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या मध्यमवयीन गाड्या इतर राज्यांत येतात. गाडी चांगली असेलही, पण महाराष्ट्रात रस्ता-कर पुन्हा भरावा लागतो, तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र लागते आणि हेलपाटे पडतात ते वेगळे. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी विरते.

आरसीवर मालकाचा अनुक्रमांक, बनवल्याचा महिना, चासी आणि इंजिनचे क्रमांक असतात. ते क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचून ताडा. कर्ज फिटले असले तरी बँकेचा बोजा आरसीवरून उतरलेला नसतो, असे अनेकदा होते. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हवे. थकलेली ई-चलाने गाडीचा नंबर टाकून बघता येतात. जुना फास्टॅग मालकाने बंद केलाच पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक होते ती मालकी बदलताना. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून एजंटच्या हाती देतात, पैसे घेतात, विषय संपला असे समजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. म्हणजे तुम्ही विकलेली गाडी तीन वर्षांनी कुणी शहापूरला कुणाला ठोकली आणि विमा नसला, तर भरपाईची नोटीस तुमच्या घरी येईल. घेणाऱ्याचीही अडचण आहे. कायद्याने थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण विमा कंपनीकडे आपल्या नावाची नोंद केल्याशिवाय मिळत नाही. त्यालाही मुदत १४ दिवसांची. विकणाऱ्याचा बोनस मात्र त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

कुणाकडून घ्यावी? सोसायटीतल्या ओळखीच्या माणसाकडून घेण्यात फायदा हा की गाडी रोज कुठे उभी असते, पाणी कुठवर आले होते, हे वॉचमनलाही माहीत असते. तोटा हा की ओळखीत आपण प्रश्न विचारत नाही. दुकानदाराकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचे प्राधिकारपत्र हवे आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना आरटीओला गेलेली हवी. दोन्ही बघायला मागा. कंपन्यांची मोठी दालने आणि ॲपवाले शेकडो मुद्द्यांची तपासणी केल्याचा अहवाल देतात. अहवाल उपयोगी असतो, वॉरंटी तर असतेच, पण तो विकणाऱ्याने केलेला आहे. तोच अहवाल हातात धरून आपला मेस्त्री न्यावा.

एका बाबतीत मी आग्रही आहे. त्याच पैशांत मोठी जुनी गाडी आणि लहान नवी गाडी असा पर्याय आला तर लहान नवी घ्या. एप्रिल २०१९पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले, जुलै २०१९पासून चालकाची एअरबॅग, आणि २०२१ संपता संपता शेजारच्या माणसाचीही. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये यातले काहीच नसण्याची शक्यता असते. २०१६ची ऐसपैस सेडान दारात शोभते, पण तिच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅग नसेल तर शेजारी बसलेल्या बायकोला आणि आईला त्या शोभेचा उपयोग नाही.

कारण गाडी घरी आली की ती याच रस्त्यांवर जाणार आहे. घोडबंदर रस्त्यावर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत एका बाजूला न्हावा-शेवा आणि गुजरातकडचे कंटेनर, दुसऱ्या बाजूला मेट्रोच्या कामाचे पत्रे. कल्याण-शीळ रस्त्यावरही तीच गत. ट्रेलरच्या डाव्या बाजूला, त्याच्या केबिनलगत चालणारी लहान गाडी त्याच्या चालकाला दिसत नाही. तिथे रेंगाळू नका. मागे राहा किंवा पुरती पुढे जा. वेग दुप्पट झाला की थांबायला ब्रेकचे अंतर चौपट लागते, आणि ओल्या काँक्रीटवर गुळगुळीत टायर असतील तर हा हिशेबही उरत नाही. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. पावसाळ्यासाठी मला तेवढ्याही कमी वाटतात. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला, म्हणजे ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला रस्ता आपल्या उंबऱ्याशी आला. रविवारीच बाहेर पडणारी, सात वर्षांच्या टायरची गाडी या रस्त्यावर घालणे हा जीवघेणा प्रकार आहे. त्या मार्गावर परिवहन विभागाने टायर तपासून गाड्या परत पाठवल्या, त्या उगाच नाही.

पाण्याचा नियम एकच. रस्त्यावरच्या पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवायची नाही. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेले. गाडी ढकलून बाजूला घ्या. असे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळे घ्यावे लागते. खाडीकाठच्या माणसाने ते घ्यावेच.

आता पुन्हा पट्ट्यांकडे. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरमध्ये चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी आणि सुरक्षित म्हणून नावाजलेली होती. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले दोघेही गेले, आणि मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे तपासात समोर आले. मागच्या सीटवर पट्टा लावणे नियमाने कधीचेच सक्तीचे आहे. तरीही आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांत मागच्या पट्ट्यांची कुलपे सीट कव्हरखाली गडप झालेली असतात, आणि मधल्या माणसाचा कमरेचा पट्टा सीटच्या फटीत जाऊन बसलेला असतो.

म्हणून टोकन देण्याआधी एकदा मागे बसा. तिन्ही पट्टे शेवटपर्यंत ओढा, माती बघा, सोडल्यावर परत जातात का बघा, कुलपात अडकवून झटका द्या. गाडी घेतली की त्याच दिवशी कव्हर कापून खाली गेलेली कुलपे वर काढा, आणि गाडी घरी नेताना मागच्यांना पट्टे लावूनच बसवा.